भरल्या पोटी हृदयावर पडणारा भार: तो ओळखायचा कसा आणि हलका करायचा कसा

तोच जिना, त्याच पायऱ्या. सकाळी उपाशीपोटी माणूस सहज चढून जातो. दुपारी भरपेट जेवून निघाला की दुसऱ्या मजल्यावर छातीत आवळल्यासारखं होतं, थांबावं लागतं, दोन मिनिटांत बरं वाटतं. "गॅस झाला असेल" म्हणून तो विषय तिथेच सोडतो. हा लेख मुख्यतः अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

ही तक्रार नवी नाही. विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अंजायनाचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने छातीत उठणाऱ्या दुखण्याचं, वर्णन वाचून दाखवलं. त्यात त्यांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या: हे दुखणं चालताना उठतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच. तेव्हा ईसीजी नव्हता, अँजिओग्राफी नव्हती. नीट विचारपूस आणि नीट निरीक्षण एवढ्यावर त्यांनी ते टिपलं. जेवण आणि चढ यांची ही जोडी आजही तितकीच खरी आहे.

आधी रक्ताचा हिशेब

"जेवलं की रक्त पोटाकडे जातं, म्हणून हृदयाला कमी पडतं," असं सर्रास सांगितलं जातं. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा भाग निरोगी माणसाच्या बाबतीत चूक आहे. हा फरक कळला की पुढचा प्रत्येक सल्ला आपोआप पटतो, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातला जवळपास पाव हिस्सा जठर, आतडी, यकृत यांच्याकडे जातो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मिळतं ते मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे एकूण रक्ताच्या चार-पाच टक्के. जेवणानंतर आतड्यांच्या मुख्य धमनीतला प्रवाह साधारण दुप्पट होतो, मोठ्या जेवणानंतर त्याहूनही वाढतो. अर्ध्या ते एका तासात तो कळसाला पोहोचतो आणि दोन-तीन तास वाढलेलाच राहतो. तेलकट, तुपकट जेवण असेल तर आणखी जास्त वेळ.

हे जादा रक्त येतं कुठून? काही प्रमाणात ते हातापायांच्या स्नायूंकडून वळवलं जातं, पण बराचसा भाग हृदय स्वतः जास्त काम करून पुरवतं. ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही थोडं वाढतं. म्हणजे पोट हृदयाच्या तोंडचा घास काढून घेत नाही. ते हृदयाला जादा काम लावतं. निरोगी माणसात हृदयाच्या धमन्या, म्हणजे कोरोनरी धमन्या, या कामासाठी लगेच रुंदावतात आणि स्नायूला हवं तेवढं रक्त मिळतं. त्यांची ऐपत मोठी असते. गरज पडली तर प्रवाह चार-पाच पट वाढवता येतो.

अडचण येते ती धमनी अरुंद झालेली असेल तेव्हा. हृदयाचा स्नायू विश्रांतीच्या वेळीसुद्धा रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शोषून घेतो. इतर स्नायूंसारखी "आहे त्याच रक्तातून जास्त काढून घेऊ" ही सोय त्याला जवळजवळ नाहीच. ऑक्सिजन जास्त हवा तर रक्तच जास्त यायला हवं. शिवाय डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त प्रामुख्याने दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. जेवणानंतर ठोके वाढले की हा विसावा आखडतो. गरज वाढलेली आणि भरून घ्यायची वेळ कमी, असा दुहेरी पेच.

यात आणखी एक गोष्ट भर घालते. अरुंद जागेच्या पुढच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच शक्य तितक्या रुंदावलेल्या असतात. जेवणानंतर शेजारच्या निरोगी भागातल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या की रक्त सोप्या वाटेने तिकडे वळतं आणि अडचणीतल्या भागाला उलट कमी मिळतं. जेवणानंतर अंजायना होणाऱ्या रुग्णांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला पीईटी स्कॅनचा, म्हणजे हृदयाच्या कुठल्या भागाला किती रक्त मिळतं हे दाखवणाऱ्या तपासणीचा, अभ्यास आहे. त्यात प्रवाहाची अशी फेरवाटणी प्रत्यक्ष दिसली. तेव्हा अशा रुग्णाच्या बाबतीत "हृदयाला कमी पडतं" हे अंशतः खरं ठरतं. फक्त ते रक्त पोटाने नेलेलं नसतं, हृदयाच्याच दुसऱ्या भागाकडे गेलेलं असतं.

हृदयाच्या कामाचा ढोबळ अंदाज घ्यायची सोपी रीत म्हणजे ठोके गुणिले वरचा रक्तदाब. एकाच माणसाला अंजायना साधारण त्याच आकड्याच्या आसपास उठतो. समजा कोणाची ही मर्यादा १६,००० आहे. उपाशीपोटी जिना चढताना ठोके १०० आणि वरचा दाब १५०, म्हणजे १५,०००. काही होत नाही. जेवून तोच जिना चढताना ठोके ११२ झाले, दाब तेवढाच राहिला, तर आकडा १६,८०० होतो. जेवणाने जेमतेम बारा ठोके वाढवले, तेवढ्यात मर्यादा ओलांडली गेली. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये आपण हाच आकडा खाली ठेवायचा प्रयत्न करणार आहोत.

पायरी १: आपण कुठे बसतो ते ठरवा

हृदयविकार नाही, रक्तदाब आणि साखर ताब्यात आहे, धाप लागत नाही, अशा माणसाने जेवणाची धास्ती घेऊ नये. तडस लागेपर्यंत खाल्ल्यावर होणारी धडधड आणि येणारी झापड त्रासदायक असते, पण ती बहुतेक वेळा धोक्याची नसते.

जास्त जपायचं ते यांनी: कोरोनरी धमन्यांमध्ये अडथळा सापडलेले, पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेले, स्टेंट किंवा बायपास झालेले, हृदयाची झडप अरुंद असलेले, हृदयाची ताकद कमी झालेले, जुना मधुमेह असलेले आणि वयस्कर लोक. मधुमेहाचा उल्लेख मी मुद्दाम ठळकपणे करतो. त्यात नसा कमकुवत झालेल्या असू शकतात, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडत असूनही छातीत दुखतच नाही. नुसती धाप लागते, घाम येतो किंवा विलक्षण थकवा जाणवतो. बायकांमध्ये आणि वयस्करांमध्येही लक्षणं अशी आडवळणाने येऊ शकतात: जबडा, मान, पाठ, खांदा, पोटाचा वरचा भाग, मळमळ.

पायरी २: सात दिवसांची वही

डॉक्टरांकडे जाऊन "जेवल्यावर कसंतरी होतं" म्हणण्यापेक्षा आठवडाभराची नोंद दाखवणं कितीतरी उपयोगाचं. पण त्रास गेल्या काही दिवसांतच सुरू झाला असेल किंवा वाढत असेल, तर वही भरत आठवडा घालवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

रोज दोन मुख्य जेवणांच्या वेळी एवढं लिहा: किती वाजता जेवलात, जेवण हलकं, मध्यम की भरपेट, नंतरच्या दोन तासांत काय केलंत (बसलात, चाललात, जिना चढलात, वाद झाला), त्रास झाला का, जेवण झाल्यापासून किती मिनिटांनी, कुठे, किती वेळ आणि कशाने थांबला. "कशाने थांबला" हा रकाना सर्वांत मोलाचा आहे.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर दोन-तीन दिवस हेही करा. जेवणाआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा, दाब आणि नाडी मोजा. मग जेवण सुरू केल्यापासून साधारण ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी तशाच बैठकीत पुन्हा मोजा. नाडी दहा-पंधराने वाढलेली दिसली तर नवल नाही. वरचा दाब दोन तासांत २० किंवा अधिकने उतरला, किंवा आधी १०० च्या वर असलेला ९० च्या खाली आला, तर तो जेवणानंतरचा रक्तदाब उतरण्याचा प्रकार आहे. त्याचा उपाय वेगळा आहे, पुढे येतोच.

पायरी ३: एका बैठकीतलं जेवण कमी करा

सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. जेवण जितकं मोठं, तितकी आतड्यांची रक्ताची मागणी मोठी आणि लांबलेली. दिवसभराचं खाणं तेवढंच ठेवून ते तीन मोठ्या बैठकांऐवजी पाच-सहा लहान बैठकांमध्ये वाटलं तर प्रत्येक वेळचा चढ बुटका होतो. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या जेवणातला साधारण तिसरा हिस्सा बाजूला ठेवा आणि तो दोन-अडीच तासांनी खा. उपाशी राहायचं नाही, फक्त विभागायचं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही वाटणी आधी डॉक्टरांशी बोलूनच करा, नाहीतर साखर अचानक खाली जाईल.

सावकाश खाणंही तितकंच महत्त्वाचं. वीस-पंचवीस मिनिटं लागू द्या. भराभर खाल्लं की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच माणूस गरजेपेक्षा जास्त खाऊन बसतो, शिवाय घासाबरोबर हवाही गिळली जाते. फुगलेलं जठर खालून श्वासपटल वर ढकलतं, दीर्घ श्वास घेता येत नाही, धडधड जाणवते. ताणलेल्या जठरामुळे नसांमार्फत ठोक्यांवर आणि रक्तदाबावरही परिणाम होतो. लुडविग रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोट आणि हृदय यांच्यातल्या अशा तक्रारींचं वर्णन केलं, आणि त्यांच्याच नावाने हा प्रकार आजही ओळखला जातो. मात्र हे नाव स्वतःच स्वतःला चिकटवून मोकळं होऊ नका. हृदयाची तपासणी स्वच्छ निघाल्यावरच असं निदान करायचं असतं.

ताटात काय आहे यानेही फरक पडतो. साखर आणि लवकर पचणारे पिष्टमय पदार्थ रक्तप्रवाहात चटकन बदल घडवतात. ठोके लवकर वाढतात, दाब उतरायचा असेल तर तोही यांनीच जास्त उतरतो. स्निग्ध पदार्थांचा परिणाम सावकाश पण लांबणारा. एका भरपूर चरबीयुक्त जेवणानंतर दोन ते चार तास रक्तवाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता मंदावलेली राहते, हे १९९७ मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या चाचण्यांत दिसलं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्सही (एक प्रकारची चरबी) तीन-चार तासांनी शिखर गाठतात. म्हणून गोड आणि तळलेलं एकाच बैठकीत भरपूर, हा मेळ सर्वांत वाईट. भाज्या, डाळी-कडधान्यं यांतला चोथा आणि प्रथिनं ताटात वाढली की पचन संथ होतं आणि चढ सौम्य.

मीठ जास्त पडलं तर हृदयाची ताकद कमी असलेल्यांच्या अंगात पाणी साठतं. त्यांनी जेवणाबरोबर किती पाणी प्यायचं हेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावं.

पायरी ४: पुढचे दोन तास सांभाळा

जेवण हा एक भार. त्यावर दुसरा भार चढवला की मर्यादा ओलांडते. बहुतेक त्रास याच बेरजेतून होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००० सालच्या परिषदेत मांडलेल्या एका अभ्यासात, नेहमीपेक्षा खूप मोठ्या जेवणानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका सुमारे चौपट दिसला होता. तो रुग्णांच्या आठवणींवर आधारलेला होता आणि कोणत्याही दोन तासांत झटका येण्याची शक्यता मुळातच फार लहान असते, त्यामुळे त्या आकड्याने घाबरून जायचं कारण नाही. पण कुठल्या दोन तासांत जपायचं, हे तो नेमकं सांगतो.

अंजायना असलेल्यांनी भरपेट जेवणानंतर निदान दोन तास चढ, जिने, ओझं उचलणं, वेगाने चालणं आणि व्यायाम टाळावा. फिरायला जायची वेळ जेवणाआधी आणा. जेवून बाहेर पडायचंच असेल तर जेवण हलकं ठेवा आणि वेळेचं पुरेसं मार्जिन ठेवून निघा, म्हणजे धावपळ होणार नाही. हृदय निरोगी असलेल्यांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश शतपावली जरूर करावी, साखरेला त्याचा फायदा होतो. एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही, तो असा.

थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. जेवून लगेच कडाक्याच्या थंडीत, वाऱ्याच्या विरुद्ध चालणं म्हणजे तीन भार एकदम. याच्या उलट, कडक गरम पाण्याची अंघोळ त्वचेकडे रक्त ओढते. पोटाकडे आधीच ओढलेलं असताना दाब घसरू शकतो. दोन्ही गोष्टी जेवणाआधी उरका. मद्यानेही ठोके वाढतात आणि वाहिन्या सैलावतात, त्यामुळे मोठं जेवण आणि मद्य एकत्र नको. जेवणानंतरची सिगारेट तर पूर्णच सोडा. निकोटीन हृदयाच्या धमन्या आवळतं, कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि हे सगळं नेमकं मागणी वाढलेली असताना.

राग आणि वाद यांचाही भार खरा असतो. कटू विषय जेवणाच्या वेळी काढू नका, ही विनंती घरच्यांना स्पष्ट शब्दांत करा.

जेवल्याबरोबर सपाट आडवं पडलं की जठरातलं आम्ल वर येतं आणि छातीतल्या कळीचा गोंधळ आणखी वाढतो. पाठ टेकून, धड उंच ठेवून बसावं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या.

पायरी ५: जेवणानंतर चक्कर येत असेल तर

आतड्यांकडे रक्त गेल्यावर इतर वाहिन्या आवळून आणि ठोके वाढवून शरीर दाब टिकवतं. वय, मधुमेह किंवा पार्किन्सनचा आजार यांमुळे ही यंत्रणा ढिली पडली की दाब कोसळतो. माणूस ताटावरून उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दाब खाली गेला की कोरोनरी धमन्यांमधून रक्त ढकलणारा जोरही कमी होतो, म्हणून हा प्रश्न हृदयाचाही आहे.

जेवणाआधी एक-दीड पेला पाणी प्या, अर्थात पाण्यावर बंधन नसेल तर. पिष्टमय भाग कमी करा. जेवण झाल्यावर एकदम उठू नका. अर्धा-पाऊण तास बसून राहा, चक्कर वाटली तर आडवे व्हा आणि पाय उंच ठेवा. वर सपाट झोपू नका म्हटलं आणि इथे आडवे व्हा म्हणतो आहे. दोन त्रास वेगळे आहेत, म्हणून आपला कुठला हे वहीतल्या आकड्यांवरून ठरवा. रक्तदाबाच्या गोळ्या जेवणाच्या तोंडावर घेतल्या जात असतील तर वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वेळ किंवा मात्रा बदलू नका.

जळजळ की अंजायना?

छातीच्या मधोमध दडपण, आवळणं, जड वाटणं, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ; हालचालीने येते, थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते, तर अंजायनाचा संशय घ्या. वाकल्यावर किंवा झोपल्यावर वाढणारी, घशाशी आंबट पाणी आणणारी, आम्लनाशक औषधाने शमणारी जळजळ बहुधा अन्ननलिकेची. पण "औषधाने बरं वाटलं म्हणजे पोटाचंच" हा निष्कर्ष फार धोक्याचा आहे. अंजायना तसाही काही मिनिटांत आपोआप थांबतो, श्रेय मात्र गोळीला मिळतं. उलट नायट्रोग्लिसरीनने, म्हणजे अंजायना थांबवायला जिभेखाली ठेवायच्या औषधाने, अन्ननलिकेची कळही थांबू शकते. शंका असेल तर आधी हृदय तपासा.

याहून निराळा एक प्रकारही ध्यानात असू द्या: प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं ते तासाभरात पोटातच तीव्र कळ येते, खाण्याची भीती वाटू लागते आणि वजन उतरतं. यात आतड्यांच्या धमन्याच अरुंद झालेल्या असू शकतात. हे अंगावर काढू नका.

औषध आणि तातडीची वेळ

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायचं नायट्रोग्लिसरीन दिलं असेल तर ते हाताशी ठेवा, मुदत तपासत राहा, आणि घेताना बसून घ्या, कारण दाब उतरतो. भरल्या पोटी तो जास्तच उतरू शकतो. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांपैकी सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास नायट्रोग्लिसरीन घ्यायचं नाही. ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर औषधं चालू असतील तर अचानक बंद करू नका. जेवणानंतरचा चढही तीच आवरून धरत असतात.

दुखायला लागलं की आहे तिथे थांबा आणि बसा. एक मात्रा घेऊन पाच मिनिटांत आराम पडला नाही किंवा दुखणं वाढलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पूर्वी कधी हृदयविकार नसलेल्यांनीही दडपण पाच मिनिटांपेक्षा टिकलं, घाम फुटला, श्वास लागला किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर हेच करावं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आपत्कालीन सेवेच्या माणसांनी सांगितलं आणि अ‍ॅलर्जी नसेल तर अ‍ॅस्पिरिन चावून घ्या. "जेवण पचू दे, मग बघू" असं म्हणण्यात गेलेला प्रत्येक तास हृदयाच्या स्नायूच्या मुळावर येतो.

बसल्या जागी होणारा, पहिल्यापेक्षा कमी श्रमात होणारा किंवा वारंवार होऊ लागलेला त्रास हाही तातडीचाच समजा, मग तो दर वेळी आपोआप थांबत असला तरी.

डॉक्टरांकडे जाताना

साधा ईसीजी त्रास नसताना बरेचदा अगदी व्यवस्थित येतो, त्यावर निश्चिंत होऊ नका. ट्रेडमिलवरच्या स्ट्रेस टेस्टला साधारण तीन तास आधीपासून काही खायचं नसतं. कारण एव्हाना लक्षात आलं असेल: जेवणाने ठोके आधीच वाढलेले असतील तर चाचणीचा अर्थ लावणं कठीण होतं. पण त्यामुळेच, उपाशीपोटी झालेली चाचणी चांगली आली आणि जेवणानंतरचा त्रास तसाच राहिला, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. वही पुढे ठेवा आणि एका वाक्यात सांगा: "रिकाम्या पोटी मी इतके जिने चढतो, जेवल्यावर इतकेच चढवतात, आणि थांबल्यावर इतक्या मिनिटांत बरं वाटतं."